अंधांची खंडभर पसरलेली संघटना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमळनेरात दर रविवारी सकाळी आम्ही दहा-बारा अंध मंडळी एकाच्या ओसरीवर जमतो. कोणी पारोळ्याहून एसटीने येतं, कोणी चोपड्याहून, एक जण नंदुरबारहून पॅसेंजर धरून येतो. गेल्या पावसाळ्यात मी सहज आफ्रिकेतल्या अंधांच्या संघटनेची गोष्ट काढली आणि तेव्हापासून प्रश्न काही थांबत नाहीत. काही ओसरीवर विचारले गेले, काही फोनवर, काही कॉलेजच्या पोरांनी लिहून पाठवले. तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाचं लिहून ठेवतोय. माझी दृष्टी नवव्या वर्षी गेली, पुढे एकतीस वर्षं टेलिफोन ऑपरेटरची नोकरी केली. बोलायची सवय जास्त, लिहायची कमी, तेव्हा सांभाळून घ्या.

ही संघटना नेमकी कोणती?

आफ्रिकन युनियन ऑफ द ब्लाइंड. ऑक्टोबर १९८७ मध्ये ट्युनिशियाची राजधानी ट्युनिस इथे ती स्थापन झाली. कचेरी केनियात, नैरोबीला. माणसं थेट तिची सभासद होत नाहीत. एकेका देशातली अंधांची राष्ट्रीय संघटना तिची सभासद असते. आपल्याकडे गावची सोसायटी जिल्हा बँकेची सभासद असते ना, तसं समजा. वर्ल्ड ब्लाइंड युनियन ही जगाची संघटना, आणि तिचा आफ्रिका विभाग म्हणजे ही.

म्हणजे ती आफ्रिकन युनियनचा भाग आहे का?

नाही. नावामुळे घोळ होतो. आफ्रिकन युनियन ही सरकारांची संघटना, आणि ती या नावाने २००२ पासून आहे. अंधांनी आपली युनियन केली तेव्हा सरकारांची युनियन व्हायला पंधरा वर्षं अवकाश होता. कॉलेजच्या पोरांनी हे परीक्षेत गोंधळून लिहू नये.

नाना, तठला लोकेसनं आमले काय?

नाना म्हणजे मी. हा प्रश्न पारोळ्याच्या जिभाऊंचा, अहिराणीतला: तिथल्या लोकांचं आम्हाला काय? तो दर रविवारी नव्याने येतो. उत्तर म्हणून एक जुनी हकीकत सांगतो.

बरीच वर्षं झाली, एका तालुक्याच्या गावी पांढऱ्या काठीच्या दिवसाचा कार्यक्रम होता. तो १५ ऑक्टोबरला येतो. आम्हाला पहिल्या रांगेत बसवलं, हार घातले. व्यासपीठावर अंध कल्याण समितीचे अकरा सभासद, अकराही डोळस. भाषणं झाली. मग एकेकाच्या मांडीवर एकेक ब्लँकेट ठेवलं. ऑक्टोबरात, आपल्या खान्देशातल्या उकाड्यात! त्यानंतर काठ्या वाटल्या. माझ्या शेजारी आठवीतली मुलगी होती आणि पलीकडे साडेपाच फुटांचा गडी. दोघांच्या हातात एकाच मापाची काठी आली. पांढरी काठी उभी धरली तर टोक छातीच्या हाडापर्यंत यावं लागतं, तरच पुढचा खड्डा पाऊल पडण्याआधी कळतो. त्या मुलीची काठी तिच्या कपाळाला लागत होती. गड्याला ती टेकायला वाकून चालावं लागत होतं.

त्या समितीतल्या कुणाच्या मनात वाईट नव्हतं. पैसेही त्यांनी खिशातून घातले असतील. पण अकरा जणांत एक जरी काठी वापरणारा असता, तर मापं घेतली गेली असती. ट्युनिसला जमलेल्या लोकांपुढचा प्रश्न हाच होता. खुर्चीवर कोण बसणार? जिभाऊ, म्हणून तठला लोकेसनं आमले काय लागतं.

‘अंधांसाठी’ आणि ‘अंधांची’ यात एवढा काय फरक? शेवटी काम तर एकच!

काम एक नाही. या दोन प्रत्ययांवर जगभर तीस-पस्तीस वर्षं भांडण चाललं होतं, ते थोडं सविस्तर सांगतो.

दुसरं महायुद्ध संपल्यावर १९४९ साली ऑक्सफर्डला अंधांसाठी काम करणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिच्यातून १९५१ साली पॅरिसला वर्ल्ड काउन्सिल फॉर द वेल्फेअर ऑफ द ब्लाइंड उभी राहिली. नावातच ‘वेल्फेअर’ आहे, कल्याण. शाळा, वसतिगृहं, कार्यशाळा, ब्रेल छापखाने चालवणाऱ्या संस्था तिच्यात होत्या. अंध माणसंही होती, पण जोर सेवा देणाऱ्यांचा. तिने कामं मोठी केली, ते नाकारण्यात अर्थ नाही. तिची एक महासभा १९६९ साली नवी दिल्लीत झाली होती.

दुसरीकडे अमेरिकेत जेकबस टेनब्रोक नावाचा गृहस्थ होता. लहानपणी खेळताना डोळ्याला बाण लागला आणि पुढे दोन्ही डोळे गेले. तो कायदा शिकला आणि विद्यापीठात प्राध्यापक झाला. त्याचं म्हणणं सोपं होतं. अंधांबद्दल अंधांनीच बोलावं, संस्थाचालकांनी नव्हे. १९४० साली त्याने आपल्या देशात अंधांची राष्ट्रीय संघटना काढली आणि १९६४ साली न्यूयॉर्कला इंटरनॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड. तिथे सभासद व्हायचं तर संघटना अंधांची स्वतःची हवी, चालवणारे अंध हवेत.

ही काही गोऱ्यांचीच चळवळ नव्हती. या फेडरेशनचं अध्यक्षपद श्रीलंकेच्या रिएन्झी अलगियावण्णांकडे आलं, पुढे पाकिस्तानच्या डॉ. फातिमा शाह यांच्याकडे. फातिमाबाई डॉक्टरकी करत असताना त्यांची दृष्टी गेली आणि मग त्यांनी आपल्या देशात अंधांची संघटना बांधली. आमच्या गटातल्या बायकांना मी हे मुद्दाम सांगतो, कारण बैठकीला यायचं तर त्यांना अजून घरी चार जणांची परवानगी काढावी लागते.

तर अशा दोन जागतिक संघटना. एक म्हणे आम्ही तुमचं भलं करतो, दुसरी म्हणे आमचं भलं कशात हे आम्हाला विचारा. सरकारं आणि संयुक्त राष्ट्रं दोघींशी वेगवेगळं बोलत. दोन दारांवर उभं राहून कोणत्याच घरात जेवायला मिळू नये, अशातली गत.

अखेर १९८४ च्या ऑक्टोबरात दोघी सौदी अरेबियात रियाधला एकत्र बसल्या, आपापलं वेगळं अस्तित्व संपवलं आणि २६ ऑक्टोबरला वर्ल्ड ब्लाइंड युनियन जन्मली. पहिले अध्यक्ष शेख अब्दुल्ला अल-घानिम, सौदीचेच. ‘वेल्फेअर’ हा शब्द नावातून गेला. मला विचाराल तर त्या सभेत झालेलं सगळ्यात मोठं काम तेच.

मग खंडाखंडाच्या संघटना कशाला? जगाची एक पुरे होती.

दिल्लीला बसून अक्कलकुव्याचा रस्ता कळतो का? तसंच आहे. जागतिक युनियनने जगाचे विभाग पाडले. युरोपवाले तर आधीच तयारीत होते, १९८४ सालीच नॉर्वेत हुर्डाल इथे युरोपियन ब्लाइंड युनियन झाली, कचेरी पॅरिसला. १९८५ साली अर्जेंटिनात लॅटिन अमेरिकेची झाली. १९८७ साली आफ्रिकेची.

आफ्रिकेत तेव्हा अंधत्वाची परिस्थिती काय होती?

इथे जरा थांबून सांगायला हवं, कारण ही गोष्ट नदीकाठच्या माणसाला लवकर कळेल.

पश्चिम आफ्रिकेत एक रोग आहे, त्याला नदीचं आंधळेपण म्हणतात. वाहत्या, खळाळत्या पाण्यात एक काळी माशी वाढते. ती चावली की शरीरात बारीक जंत जातात. जंत वर्षानुवर्षं राहतात, पिल्लं कातडीखाली फिरतात. खाज इतकी की माणूस विटेने अंग खरवडतो. हीच पिल्लं डोळ्यात शिरतात आणि चाळिशीच्या आत दृष्टी जाते. काळी, कसदार जमीन नदीकाठी आणि माशीही नदीकाठीच. गावंच्या गावं सुपीक काठ सोडून वरच्या मुरमाड माळावर राहायला गेली. कल्पना करा, रावेर-यावलच्या माणसाला तापीकाठची केळीची बाग टाकून सातपुड्याच्या दगडांत जाऊन राहावं लागलं तर!

तिथलं एक दृश्य जगभर ठाऊक आहे, त्याचे पुतळेसुद्धा उभारलेत. लांब काठी, पुढचं टोक लहान पोराच्या हातात, मागचं टोक आंधळ्या म्हाताऱ्याच्या हातात. डोळस लोक त्यात म्हाताऱ्याकडे बघतात. आम्ही पोराचा विचार करतो, कारण ते पोर शाळेत जात नाही. आमच्या चोपड्याच्या काकांना बैठकीला आणायला त्यांची नात येते. रविवार असतो म्हणून बरं. बाकी दिवशी दवाखाना, बँक, रेशन निघालं की तिची शाळा बुडते.

१९७४ पासून सात देशांनी मिळून हेलिकॉप्टरने नद्यांवर औषध फवारायला सुरुवात केली, माशीच्या अळ्या मारायला. मग आलं आयव्हरमेक्टिन. वर्षाला एकदा गोळी, जंताची पिल्लं मरतात. सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना याच शोधासाठी २०१५ साली नोबेल मिळालं. मर्क कंपनीने हे औषध लागेल तेवढं आणि लागेल तोवर फुकट देऊ असं जाहीर केलं, आणि ते केलं कधी? ऑक्टोबर १९८७. ज्या महिन्यात ट्युनिसला अंध मंडळी जमली, त्याच महिन्यात.

औषध आलं तर मग संघटनेची गरज काय उरली?

माझ्या मते या पानावरचा हाच मुख्य प्रश्न.

आपल्याकडे डोळ्यांची शिबिरं किती होतात बघा. मोतीबिंदूची ऑपरेशनं, चष्मेवाटप, फोटो, बातमी. फार चांगलं काम, माझ्या आईचे दोन्ही मोतीबिंदू अशाच शिबिरात निघाले. पण शिबिराच्या रांगेत माझ्यासारखा उभा राहिला की डॉक्टर बॅटरी मारतात आणि म्हणतात, “यांचं काही होणार नाही.” आणि पुढचा नंबर पुकारतात. डॉक्टर बरोबर बोलले. माझ्या डोळ्यांचं काही होणार नव्हतंच. पण ऐकणाऱ्यांनी अर्थ घेतला की माझंच काही होणार नाही. मी दहा वर्षांचा होतो. वडील मला खांद्यावर घेऊन स्टेशनापर्यंत चालले, वाटेत एक शब्द बोलले नाहीत.

डोळे वाचवणं हे एक काम. ज्याचे गेले त्याने शिकावं, कमवावं, लग्न करावं, मत द्यावं, हे दुसरं. पहिलं काम डॉक्टर, सरकार, कंपन्या करतात, आणि त्यासाठी पैसा मिळतो, कारण त्याचा आकडा मोजता येतो. दुसऱ्या कामाला कोणी वाली नसतो. ट्युनिसची संघटना या दुसऱ्या कामासाठी. गोळीने पुढची पिढी वाचली, पण ज्यांचे डोळे आधीच गेले होते ते त्या दिवशीही तिथेच होते, आणि त्यांना अजून पन्नास वर्षं जगायचं होतं.

इतक्या देशांचं बोलणं चालतं कोणत्या भाषेत?

इंग्रजी, फ्रेंच, अरबी, पोर्तुगीज असे मोठे गट, त्याखाली शेकडो स्थानिक भाषा. दुभाषे लागतात. आमच्या बैठकीत अहिराणी, लेवा गणबोली, पावरी आणि मराठी चालते, दुभाषा लागत नाही, पण चहाच्या वेळी आवाज वाढतो.

अहिराणीला वेगळं ब्रेल आहे का?

नाही, आणि लागतही नाही. लुई ब्रेलने सहा ठिपके दिले. त्यांतून त्रेसष्ट खुणा होतात. कोणत्या खुणेला कोणता आवाज हे ज्याने त्याने ठरवायचं. भारतात एके काळी ब्रेलच्या आठ-दहा पद्धती होत्या, मुंबईचं वेगळं, म्हैसूरचं वेगळं. एका शाळेतला मुलगा दुसऱ्या शाळेतलं पुस्तक वाचू शकत नसे. १९५१ साली सगळ्यांचं मिळून भारती ब्रेल झालं. या कामात युनेस्कोतर्फे क्लुथा मॅकेन्झी नावाचा न्यूझीलंडचा माणूस होता. पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीच्या लढाईत त्याची दृष्टी गेली होती. म्हणजे भारतीय भाषांची ब्रेल लिपी एक करायला धडपडला तोही अंधच. आता मराठीचा ‘क’ आणि तमिळचा ‘क’ बोटाला सारखाच लागतो.

नंदुरबारचा आमचा मित्र कानबाईची गाणी याच ब्रेलमध्ये अहिराणीत टोचून ठेवतो. ब्रेलच्या पाटीवर लिहिताना उजवीकडून डावीकडे टोचायचं, मग कागद उलटा करून डावीकडून उजवीकडे वाचायचं. लिहितो ते उलटं, वाचतो ते सुलटं. नवीन माणसाला हे शिकवताना महिनाभर हसणं चालतं.

अशा संघटनांनी प्रत्यक्षात केलं तरी काय? नुसत्या परिषदा?

परिषदा पुष्कळ केल्या, खोटं कशाला सांगू. पण बोटांना लागतील अशी दोन-तीन कामं सांगतो.

युरोपात औषधाच्या खोक्यावर औषधाचं नाव ब्रेलमध्ये असतं. दुकानदाराची मर्जी म्हणून नव्हे, २००४ च्या नियमाने ते सक्तीचं आहे. युरोपियन ब्लाइंड युनियनने ते लावून धरलं होतं. आमच्या घरी रक्तदाबाची आणि साखरेची गोळी ओळखायला मी पाकिटांना रबर लावतो. एक रबर साखरेचं, दोन रबर रक्तदाबाचं. एकदा सूनबाईने आवरताना रबरं काढून केसांना लावली. दोन दिवस मी उलट्या गोळ्या घेतल्या.

नोटांचं बघा. युरो छापायच्या आधी युरोपातल्या अंधांच्या संघटनेचा सल्ला घेतला गेला. पाचची नोट बासष्ट मिलिमीटर उंच, दहाची सदुसष्ट, वीसची बहात्तर. पन्नासपर्यंत नोट मोठी तशी उंची वाढत जाते, बोटांत धरली की कळते. आता आपल्या नव्या नोटा काढा. शंभर, दोनशे, पाचशे, तिघींची रुंदी एकच, ६६ मिलिमीटर. लांबीत फरक चार-चार मिलिमीटरचा, १४२, १४६, १५०. कोऱ्या नोटा शेजारी ठेवल्या तर लागतो हाताला. पण बाजारात कोऱ्या नोटा शेजारी ठेवून कोण बसतं? सोमवारच्या बाजारात भरताची वांगी घेतली, दोनशेची म्हणून नोट दिली आणि सुटे घेतले. घरी आल्यावर नातू म्हणाला, पाचशेची कमी आहे. वांगीवाल्याला माझ्याइतकीच घाई असेल, मी त्याला चोर म्हणत नाही. नोटेवर खरखरीत छपाईच्या खुणा आहेत, पण घामाच्या हातांतून शंभर वेळा गेली की त्या झिजतात. रिझर्व्ह बँकेचं ‘मनी’ नावाचं ॲप २०२० पासून आहे, नोट कॅमेऱ्यापुढे धरली की बोलतं. एका हातात पिशवी, एका हातात काठी, आता फोन कोणत्या हातात धरू ते ॲप सांगत नाही.

तिसरं काम पुस्तकांचं. पूर्वी एखादं पुस्तक ब्रेलमध्ये किंवा बोलतं करायचं तर हक्क असणाऱ्याची परवानगी लागे, आणि एका देशात केलेली प्रत दुसऱ्या देशात पाठवता येत नसे. जागतिक युनियनने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि जून २०१३ मध्ये मोरोक्कोत मराकेश इथे करार झाला. अंधांसाठी प्रत करायला परवानगी नको, आणि ती सीमेपार पाठवता येईल. हा करार सगळ्यात आधी मंजूर करणारा देश भारत, २०१४ साली. आपल्या कायद्यात तर २०१२ लाच तशी दुरुस्ती झाली होती. या एका बाबतीत आपण पुढे होतो, तेव्हा कॉलर ताठ करायला हरकत नाही.

आफ्रिकेच्या संघटनेचं असं एखादं मोठं फळ?

अपंगांच्या हक्कांचा खास आफ्रिकेचा करार. आफ्रिकन युनियनने तो २०१८ साली स्वीकारला. पुरेशा देशांनी मान्यता देऊन अमलात यायला २०२४ उजाडलं. अंधांच्या आणि इतर अपंगांच्या संघटनांनी तो लावून धरला होता. स्थापनेपासून मोजलं तर सदतीस वर्षं. आमच्या गटातले तरुण सहा महिन्यांत निकाल मागतात, त्यांना मी हा आकडा ऐकवतो.

यात भारत कुठे बसतो?

वर्ल्ड ब्लाइंड युनियनच्या आशिया विभागात. आपल्या देशात सुरुवात शाळांपासून झाली, १८८७ साली अमृतसरला पहिली. मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड १९५२ पासून आहे. अंधांच्या स्वतःच्या देशव्यापी संघटना सत्तरच्या दशकापासून उभ्या राहिल्या. त्यांतल्या नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंडची एक लढाई नोकरीत असलेल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. १९९५ च्या कायद्याने तीन टक्के राखीव जागा दिल्या, पण त्या मोजायच्या कशातून? खाती सांगत, फक्त अपंगांसाठी योग्य ठरवलेल्या जागांतून. ८ ऑक्टोबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, संवर्गातल्या एकूण रिक्त जागांतून. आकडा तीनचा तीनच राहिला, पण तीन कशाचे हे बदललं. २०१६ च्या कायद्याने ते चार टक्के झाले, त्यातला एक टक्का अंध आणि अल्पदृष्टीचा.

‘आंधळा’ म्हणायचं, ‘अंध’ की ‘दिव्यांग’?

कागदावर दिव्यांग लिहा, तो सरकारी शब्द आहे. तोंडावर नावाने हाक मारा. बसमध्ये “सूरदास, इकडे या” म्हणणाऱ्याला मी नेहमी विचारतो, मी गायलो तर ऐकशील का? म्हणींचं म्हणाल तर ‘आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं’ ऐकून आम्हाला राग येत नाही. आमच्या बैठकीतलीच एक बाई म्हणाली, “जात्याशी बसली ती आंधळी, पीठ खाल्लं ते कुत्र्याने, आणि नाव आमचं खराब!”

खान्देशातल्या अंधांची अशी संघटना काढायची तर?

कायद्याने अवघड नाही. संस्था नोंदणीला किमान सात माणसं लागतात. धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत अर्ज, नियमावली, ठराव, पत्त्याचा पुरावा. महाराष्ट्रात संस्थेबरोबर न्यास म्हणूनही नोंद करावी लागते. खरी मारामारी नियमावलीच्या एका ओळीवर होते, कार्यकारिणीत अंध किती? आमच्या मसुद्यात लिहिलंय की निम्म्याहून जास्त, आणि अध्यक्ष व खजिनदार दोघेही अंध. खजिनदार म्हटलं की डोळस हितचिंतक दचकतात. “पैशाचं काम आहे नाना, जपून.” आमचा होऊ घातलेला खजिनदार चाळीस वर्षं किराणा दुकान चालवतो आणि त्याची उधारीची वही डोक्यात आहे. चाळीसगावपासून धरणगावपर्यंत कोणाकडे किती बाकी आहे विचारा.

बँकेत खातं उघडताना अडवलं तर भांडू नका, हळू आवाजात सांगा की रिझर्व्ह बँकेचं जून २००८ चं परिपत्रक आहे. चेकबुक, एटीएम, लॉकर, कशालाही अंध म्हणून नकार देता येत नाही. मला एका शाखेत सांगितलं होतं, तुम्हाला चेकबुक देता येत नाही, कोणीतरी फसवेल. मी म्हणालो, साहेब, डोळसांना फसवत नाहीत का? परिपत्रकाची प्रत घेऊन दुसऱ्यांदा गेलो, तेव्हा चेकबुक मिळालं. प्रत आमच्याकडे आहे, लागली तर मागा.

डोळसांना सभासद होता येईल का?

येईल. मत एक. सहानुभूतीचं जादा मत मिळणार नाही.

परीक्षेला लेखनिक मिळवून द्याल का?

ओळखीतले कॉलेजचे विद्यार्थी आहेत, आठवडाभर आधी सांगा. तासाला किमान वीस मिनिटं जादा वेळ मिळायलाच हवा. केंद्रावर कोणी नाही म्हणालं तर तिथूनच फोन करा. फोन उचलायची सवय मला एकतीस वर्षांची आहे.

रविवारी येताना काय आणायचं?

असेल तर ब्रेल पाटी, स्टायलस म्हणजे ठिपके टोचायची टोचणी, आणि जाड कागद. जुनी कॅलेंडरं चालतात, उलट जास्त चांगली, ठिपका बसतो. काठी आणा आणि नसेल तर उंची सांगा, आम्ही मापाने मागवतो. स्टेशनावरून आलात तर ओट्याच्या दोन पायऱ्या आहेत, दुसरी जरा उंच आहे. चहा आमच्याकडे. भाकरी ज्याची त्याने आणायची, भरीत मात्र या वेळी पारोळ्याचे जिभाऊ आणणार आहेत, तसं त्यांनी गेल्या रविवारीही सांगितलं होतं.